करवतीची घोडी

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी महिनाभर आमच्या घरात एक करवत आली आणि तिच्या मागोमाग एक भांडणही आले. करवत मुलाने पुण्याहून पाठविली होती. जन्मभर शाळेत चित्रकला आणि हस्तकला शिकवून घरी बसलेल्या बापाला काही उद्योग हवा, हा त्याचा हेतू. शिवाय २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून आमच्या गल्लीच्या गणपतीचे मखर प्लायवूडचे होते आणि त्याची नक्षी कापण्याचे काम माझ्या गळ्यात पडलेले आहे. आजवर ते मी हातातल्या फ्रेट-सॉने निभावले. पण आता बोटांचे सांधे कुरकुरू लागले आहेत.

ही नवी करवत विजेवर चालते. दुकानदार तिला स्क्रोल सॉ म्हणतात. मी नक्षीची करवत म्हणतो. पाच इंच लांबीचे, जाड दोऱ्याएवढे पाते दोन बाहूंच्या टोकांमध्ये ताणून बसविलेले असते आणि ते मिनिटाला हजारावर वेळा वर-खाली होते. पाते आपली जागा सोडत नाही. लाकूडच आपण त्याच्याभोवती फिरवायचे. जाळी कापायची तर आधी सामत्याने भोक पाडायचे, पाते एका टोकाला सोडवून त्या भोकातून ओवायचे आणि पुन्हा ताणायचे. शाळेच्या सहलीबरोबर बीबी का मकबरा पाहायला गेलो, की समाधीभोवतीच्या संगमरवरी जाळीपुढे उभे राहून मी मुलांना सांगत असे, की जाळी म्हणजे भोकांचे चित्र. तेच हे काम.

खोक्यात सगळे होते. करवत ठेवायला घोडी तेवढी नव्हती. मी ती जेवणाच्या टेबलावर मांडली आणि बटण दाबले. टेबल थरथरू लागले, फळीवरचे पेले एकमेकांना भेटू लागले आणि मखराच्या मोराची मान बरोबर चोचीपाशी तुटली. पात्याचे दोन तुकडे झाले ते वेगळेच. त्या वर्षीचा मोर मानेला डिंक लावून बसला. करवत कितीही चांगली असो, तिच्या पायाखाली ठाम काही नसेल तर ती करवत नव्हे, हे तेव्हा मला कळले. आणि या ‘पायाखालच्या’ वस्तूचा इतिहास काय असेल, या विचाराने मला पछाडले.

घोडी हा आपला साधा शब्द. उंचावर हात पोचेना की घोडी, ओंडका कापायचा तर घोडी. गंमत अशी, की फ्रान्समध्ये लाकडी नक्षी कापणारे कारागीर ज्या बैठकीवर बसतात तिला ‘शव्हाले’ म्हणतात. त्याचा अर्थ लहान घोडा. इंग्रजांनी तिचे गाढव केले! कारागीर तिच्यावर खरोखरच मांड टाकून बसतो, पुढच्या लाकडी जबड्यात पातळ फळी धरतो, पायाने दाबून तो जबडा आवळतो आणि आडवी करवत पुढे-मागे करीत पानाफुलांच्या आकृती कापतो. चौदाव्या लुईच्या पदरी आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) नावाचा कारागीर होता. पितळेचा पत्रा आणि कासवाची पाठ एकावर एक ठेवून तो दोन्ही एकदमच कापी. मग पितळेची वेल कासवाच्या पाठीत आणि कासवाची वेल पितळेत बसवी. एका कापणीत दोन कपाटांची नक्षी! जर्मन लोक या बारीक करवतीला ‘पानकरवत’ म्हणतात. नाव मला फार आवडते.

मग आपल्याकडे अशी घोडी का नव्हती? नक्षी तर आपल्याकडेही उदंड होती. उत्तर माझ्या डोळ्यांसमोर लहानपणापासून होते. जालन्यात आमच्या दारी येणारा सुतार अंगणात मांडी घालून बसे. फळी तो पायाच्या अंगठ्यात आणि बोटांत धरी. रंधा मारायचा तर टाच लावी. त्याचा पाय हाच त्याचा शिकंजा आणि जमीन हीच त्याची घोडी. पैठणचा विणकर तर याच्याही पुढचा. तो माग उंच करण्याऐवजी जमिनीत खड्डा खणी, त्यात पाय सोडून बसे आणि तळाच्या पावड्या दाबी. पश्चिमेच्या कारागिराने काम कमरेपर्यंत वर आणले. आपला कारागीर स्वतः कामापर्यंत खाली गेला. यात कोणी शहाणा, कोणी मागासलेला असे मला मुळीच म्हणायचे नाही. जमीन डगमगत नाही आणि तिला पैसे पडत नाहीत. फक्त एक झाले: पाय धरण्यात गुंतला, की तो चाक फिरवायला मोकळा राहत नाही.

पाय मोकळा झाला आणि एकोणिसाव्या शतकात मोठी उलथापालथ झाली. अमेरिकेत आयझॅक सिंगरने १८५१ साली आपल्या शिलाईयंत्राचे पेटंट घेतले. ते यंत्र ज्या लाकडी खोक्यात घालून गिऱ्हाइकाकडे जाई, तेच खोके टेबल म्हणून यंत्राखाली ठेवायचे आणि पायाने दाबायचे पायडल त्यालाच जोडायचे, अशी युक्ती त्याने काढली. पायडलचेही पेटंट घेता आले असते, हे त्याच्या ध्यानात आले तेव्हा वेळ निघून गेली होती, असे सांगतात. मला ही हकीकत वाचून फार धीर आला. जगभर गेलेल्या त्या यंत्राची पहिली घोडी रिकाम्या खोक्याची, म्हणजे घरगुतीच होती की!

करवतीलाही तोच पाय लागला. रॉकफर्ड गावच्या बार्न्स बंधूंनी १८७० च्या दशकात सायकलसारखी बसून चालवायची नक्षीकरवत काढली. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनानंतर तर घरोघरी कोनाडे, घड्याळाची घरे, तसबिरींच्या चौकटी कापण्याचे वेडच पसरले. इंग्लंडात डेरेहॅम गावी ‘हॉबीज’ नावाचे साप्ताहिक १८९५ मध्ये निघाले. त्याच नावाच्या कंपनीच्या पायकरवती पुढे पुष्कळ खपल्या. या पायकरवतींची चित्रे मी शिलाईयंत्राच्या चित्रांशेजारी ठेवून पाहिली. दोहोंचे पोट एकच! पायाने पायडल हलते, दांडीने चाक फिरते, चाकावरून पट्टा जातो आणि वर काहीतरी खाली-वर होते. ते काहीतरी सुई असेल नाहीतर पाते. एक जोडते, एक तोडते, एवढाच भेद.

इथे मला माडीवरचा एक कोपरा आठवला आणि भांडण तिथूनच सुरू झाले.

त्या कोपऱ्यात आईच्या पायमशीनची घोडी पडून होती. मशीन वडिलांनी १९६३ साली घेतले, ‘उषा’. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगने १९३६ साली सुरू केलेली ही देशी मशीन तेव्हा जालन्यासारख्या गावांतही मिळू लागली होती. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका. स्वतंत्र जिल्हा व्हायला १ मे १९८१ उजाडावा लागला. ‘जालना सोने का पालना’ अशी म्हण गावात होती खरी, पण आमचा पाळणा बाभळीचा होता. वडील एका जिनिंगमध्ये कारकून. त्यांच्या पगारात सात माणसांचे भागेना, म्हणून आई शिवण शिकली.

मशीन आले त्या दिवशी घरात एक पेच पडला. आजोबा घोंगडीवर बसत, आजी जमिनीवर. सून स्टुलावर बसून सासऱ्यांच्या डोक्यापेक्षा उंच कशी व्हायची? आजी म्हणाली, ‘सूनबाईनं मशीन खाली घ्यावं, हातानं फिरवावं.’ दोन दिवस आईने यंत्राला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी आजोबा म्हणाले, ‘अगं, घोडी आहे ती. वर बसल्याशिवाय घोडी चालत असते होय?’ आजी हसली आणि आई स्टुलावर बसली. आमच्या घरात जमिनीपासून दीड हात उंच बसलेली ती पहिली बाई. गांधीजींनी १९२४ साली यंत्रांवर बोलताना सिंगरच्या मशीनला आपल्या टीकेतून वगळले होते, हे मी पुढे वाचले. त्यांनी शिवणाऱ्या बाईचे श्रम पाहिले होते. तिची बैठक उंचावली, हे मी आमच्या ओसरीवर पाहिले.

आई गेल्यावर मशीनचे डोके धाकट्या भावाने नेले. घोडी राहिली. तिची फळी वाळवीने खाल्ली, पण दोन्ही पाय बिडाचे, वेलबुट्टीचे, जसेच्या तसे. (बीड म्हणजे ओतीव लोखंड, शेजारच्या जिल्ह्याशी त्याचा संबंध नाही.) आमच्या जालन्यात लोखंडाचे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. भंगाराचे ट्रक येतात आणि भट्ट्यांतून सळया होऊन बाहेर पडतात. भावाने दोनदा भंगारवाल्याला वर पाठविले होते आणि दोन्ही वेळा माझ्या पत्नीने त्याला जिन्यावरूनच परत लावले होते.

तीच आता मला म्हणाली, ‘अहो, भंगारात गेली असती तर बरं. आत्याबाईंच्या मशीनवर करवत बसवणार तुम्ही? त्यांनी ज्याच्यावर आयुष्यभर जोडलं, त्याच्यावर तुम्ही तोडणार?’

सुई आणि पाते यांतला भेद मी नुकताच मोठ्या कौतुकाने शोधून काढला होता. तो असा अंगावर येईल असे वाटले नव्हते. मी सिंगरचे खोके सांगितले, बूलची दोन कपाटे सांगितली. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, ‘करा. पण त्याचं काही काढून टाकायचं नाही. चाकसुद्धा नाही.’ या एका अटीने पुढची सगळी रचना ठरली.

मशीनची घोडी हलक्या कामासाठी केलेली असते. सुई कापडाला मारते त्याहून करवतीचा बाहू लाकडाला फार जोरात मारतो. पाय अरुंद, म्हणून ती डुलणार हे उघड होते. दोन्ही बाजूंच्या पायांखाली लांब पट्टी म्हणून दीड इंची लोखंडी अँगल जोडावा, असा माझा बेत. औद्योगिक वसाहतीतल्या वेल्डरकडे गेलो, तर तो माझा विद्यार्थी निघाला. त्याने पाय बोटाने वाजवून पाहिले. ‘सर, हे बीड आहे. वेल्डिंग केलं तर शेजारीच तडकेल. नटबोल्ट लावा.’ शाळेत त्याला मी हस्तकलेत काठावर पास केले होते. नटबोल्टच लावले.

वाळवीने खाल्लेल्या फळीच्या जागी वाड्याच्या जुन्या दाराची सागवानी फळी घेतली; दीड इंच जाड, तीन फूट लांब. करवतीच्या बुडाच्या चार भोकांतून बोल्ट सोडले आणि मध्ये स्कूटरच्या जुन्या ट्यूबचे चकत्या कापून घातल्या, म्हणजे थरथर फळीत उतरण्याआधी रबरात मरते. खालच्या आडव्या पट्टीवर वाळूने भरलेली लाकडी पेटी ठेवली. जड वस्तू हलायला आळस करते, या एकाच तत्त्वावर या धंद्यातल्या सर्व घोड्या उभ्या आहेत. चाक रिकामे खडखडू लागले, तेव्हा त्याला चामड्याची पाचर मारली. एवढे करूनही शहाबादी फरशीवर एक पाय अधांतरी राहिलाच. तीन पायांची घोडी कधी डुलत नाही, चार पायांची हमखास डुलते. त्या पायाखाली जुन्या चपलेचा तुकडा गेला.

उरले पायडल. ते नुसते लोंबकळत ठेवायचे मला जिवावर आले. म्हणून विजेची कळ त्याच्याखाली बसविली. चवडा दाबला की करवत चालते, उचलला की थांबते. दोन्ही हात लाकडावर राहतात आणि नजरही; काही चुकले तर बटण शोधावे लागत नाही. उंच स्टूल घेतले. कोपर करवतीच्या फळीच्या पातळीला आले, तशी मान वाकवावी लागेना. जेवणाच्या टेबलाशी मी ओणवा होऊन काम करीत होतो, तेव्हा पाठ किती दुखे हे आता आठवले.

थरथर तपासायची एक सोपी रीत आहे: यंत्र चालू असताना त्याच्या फळीवर नाणे कडेवर उभे करायचे. पहिल्या वेळी रुपया लगेच कोसळला. बोल्ट आवळले. दुसऱ्या वेळी तो गोल फिरत कडेपर्यंत गेला आणि पडला. वाळूच्या पेटीत आणखी दोन घमेली ओतली. तिसऱ्या वेळी तो उभा राहिला, आणि मी शेजारच्यांना बोलावून आणले.

खंडेनवमीला पत्नीने आमच्या घरातली सगळी हत्यारे मांडली: विळी, कात्री, माझ्या पटाश्या, कानशी. आई या दिवशी मशीनच्या चाकाला हळदकुंकू लावी. हिने त्याच चाकाला लावले, मग करवतीच्या बाहूला. मला वाटले, आता ती उठेल. पण ती स्टुलावर बसली. लग्न होऊन आली त्या वर्षी ती याच घोडीवर आईकडून ब्लाऊज शिकली होती, हे मी विसरूनच गेलो होतो.

‘तुमचा पाय चुकतो,’ ती म्हणाली. ‘दोन्ही एका रेषेत ठेवता. आत्याबाई उजवा पुढे आणि डावा जरा मागे ठेवायच्या. सबंध दुपार बसलं तरी पोटरी भरत नाही.’

मी पाय तसे ठेवून पाहिले. मग मखराची तुटकी मान काढली आणि तिच्या जागी बसवायला नवा मोर कापायला घेतला.