लेडी टाटा स्मृतिनिधी : वियोगाच्या दुःखातून उभे राहिलेले संशोधन

१/१०
मेंदूची गाठ किंवा कर्करोग यांनी घरातले माणूस हिरावून नेले, की त्याच्या स्मृतीप्रीत्यर्थ संशोधनासाठी पैसा उभारण्याची रीत आता जगभर रूढ झाली आहे. कोणी मॅरेथॉन धावतो, कोणी लोकवर्गणी जमवतो, कोणी स्वतःच्या बचतीतून शिष्यवृत्ती ठेवतो. या परंपरेतला एक फार जुना आणि आजही चालू असलेला निधी मुंबईच्या एका दांपत्याच्या कहाणीतून जन्मला. आजचा धागा त्याविषयी.

२/१०
मेहेरबाई भाभा यांचा जन्म १८७९ चा. १८९८ मध्ये जमशेटजी टाटा यांचे थोरले चिरंजीव दोराबजी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मेहेरबाई साडी नेसून टेनिस खेळत आणि स्पर्धांत बक्षिसेही मिळवत. स्त्रियांच्या संघटना उभारण्यात त्या पुढे होत्या. बालविवाहाला आळा घालणाऱ्या शारदा कायद्याचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. या दांपत्याला अपत्य नव्हते.

३/१०
मेहेरबाईंचे नाव निघाले की ‘जुबिली’ हिऱ्याची गोष्ट हटकून सांगितली जाते. २४५.३५ कॅरटचा हा हिरा वजनाने आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. १९२४ मध्ये जमशेदपूरचा पोलाद कारखाना बुडण्याच्या बेतात असताना दोराबजींनी आपली खासगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली; त्यात हा हिराही होता. कारखाना तरला. ही कथा थोर खरीच. परंतु तिच्या झगमगाटात पुढची, अधिक दूरगामी घटना झाकोळून गेली आहे.

४/१०
१८ जून १९३१ रोजी उत्तर वेल्समधील रुथिन येथे मेहेरबाईंचे निधन झाले. आजार होता ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग. या रोगाला नाव मिळून तेव्हा ऐंशीहून अधिक वर्षे लोटली होती. उपचार मात्र क्ष-किरण आणि सोमलयुक्त औषधे यांपलीकडे फारसे गेले नव्हते. त्यांनी काही काळ उतार पडे, रोग हटत नसे. टाटांची सारी संपत्ती येथे निरुपयोगी होती, कारण विकत घ्यावे असे औषधच जगात अस्तित्वात नव्हते.

५/१०
एप्रिल १९३२ मध्ये दोराबजींनी ‘लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट’ स्थापन केला. त्याची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. उत्पन्नाचे चार भाग ल्युकेमियावरील आंतरराष्ट्रीय संशोधनासाठी, आणि उरलेला पाचवा भाग मानवी दुःख हलके करू शकेल अशा भारतातील वैज्ञानिक संशोधनासाठी. संगमरवरी पुतळा नाही, घाट नाही, धर्मशाळा नाही. पत्नीला ज्या रोगाने नेले, तो रोग समजून घेण्यासाठी दिलेला हा पैसा होता.

६/१०
काळ ध्यानात घ्या. जानेवारी १९३२ मध्ये गांधीजी पुन्हा तुरुंगात गेले होते. सविनय कायदेभंग आणि परदेशी मालावरील बहिष्कार जोरात होता. अशा वेळी मुंबईच्या धनिकाचा पैसा परदेशांतील प्रयोगशाळांकडे का जावा, हा प्रश्न आज आपल्याला पडू शकतो. ल्युकेमियाचा पद्धतशीर अभ्यास करू शकतील अशा प्रयोगशाळा त्या काळी मुख्यत्वे युरोप-अमेरिकेत होत्या, हे त्याचे एक उत्तर. दुसरे असे की, तेथे सापडलेले औषध परळच्या रुग्णालाही लागू पडणार होते.

७/१०
दोराबजींना संशोधनाचे मोल नव्याने कळले असेही नव्हते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे स्वप्न जमशेटजींचे. १९०४ मध्ये ते वारले आणि १९०९ मध्ये संस्था स्थापन झाली. ते काम नेटाने पुढे नेणाऱ्यांत दोराबजी अग्रभागी होते. ज्या झाडाची फळे लावणाऱ्याला चाखता येत नाहीत, असे झाड लावण्याचा सराव त्या घराला होता.

८/१०
त्याच वर्षी आपली जवळजवळ सर्व संपत्ती त्यांनी ‘सर दोराबजी टाटा ट्रस्ट’च्या स्वाधीन केली. पत्नीच्या पहिल्या स्मृतिदिनी तिच्या समाधीचे दर्शन घ्यावे म्हणून ते युरोपला निघाले. ती भेट घडली नाही. ३ जून १९३२ रोजी जर्मनीतील बाड किसिंगेन येथे त्यांचा अंत झाला. इंग्लंडमधील ब्रुकवुड दफनभूमीत दोघे आज एकमेकांशेजारी विसावले आहेत.

९/१०
सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या विश्वस्तांनी पुढे परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभारले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले, तेव्हा खाटा होत्या ८०. तेथील प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. १९५२ मध्ये सुरू झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संचालक झाले. १९६२ मध्ये रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे आले. त्या विभागाचे प्रमुख होते होमी भाभा, मेहेरबाईंच्या सख्ख्या भावाचे पुत्र. १९६६ मध्ये रुग्णालय आणि संशोधन केंद्र एकत्र आले. आजच्या रुग्णासाठी खाट आणि उद्याच्या रुग्णासाठी प्रयोगशाळा, असे दोन्ही प्रवाह अखेर परळला मिळाले.

१०/१०
ल्युकेमियाचे पुढे काय झाले? १९४८ मध्ये बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन देऊन काही मुलांत रोग तात्पुरता मागे हटल्याचे दाखवले. ते औषध यल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाच्या चमूने तयार केले होते. हे यश लेडी टाटा निधीच्या खात्यावर मांडता येणार नाही. असंख्य हातांनी ही भिंत चढत गेली आणि तो निधी त्यांतला एक हात. आज प्रगत देशांत मुलांमधील सर्वांत आढळणाऱ्या ल्युकेमियातून दहांपैकी जवळपास नऊ मुले बरी होतात.

ग्लायोब्लास्टोमा ही मेंदूची गाठ मात्र अजून जवळपास तेथेच आहे, जेथे १९३१ मध्ये ल्युकेमिया होता. निदानानंतरचे आयुष्य आजही बहुतेकदा वर्ष-दीड वर्षात मोजले जाते. म्हणून आपल्या माणसाच्या नावाने त्या संशोधनाला हजार रुपये देणाऱ्याच्या मनात ‘यातून काय होणार?’ ही शंका आली, तर ती स्वाभाविक आहे. १९३२ मध्येही तिचे उत्तर कोणाजवळ नव्हते. दोराबजींनी पैसे दिले, आणि लेडी टाटा निधीतून ल्युकेमियाच्या संशोधकांना आजही दरवर्षी साहाय्य मिळते.