केयेनचा लंबक

माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. तागडीत बसून झोके घेतले म्हणून मी कितीदा तरी ओरडा खाल्ला आहे. पुढे बी.ए. झालो, कविता लिहू लागलो, तरी वजन म्हणजे मालाच्या अंगचाच गुण, अशी माझी समजूत कायम होती. (उर्दू शायरीत वृत्तालाही वजनच म्हणतात, तिथं मात्र चूक लगेच पकडली जाते.)

ही समजूत पहिल्यांदा हलवली ती एका मागे पडणाऱ्या घड्याळानं. १६७२ साली फ्रेंच अकादमीनं झाँ रिशेर या खगोलज्ञाला दक्षिण अमेरिकेत, विषुववृत्ताजवळच्या केयेनला पाठवलं. पॅरिसला बिनचूक चालणारं लंबकाचं घड्याळ तिथं दिवसाला दोन-अडीच मिनिटं मागे पडू लागलं. एका सेकंदाचा झोका साधायला लंबक सुमारे २.८ मिलिमीटर आखूड करावा लागला. रिशेरनं ही मोजणी महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा केली. तरीही पॅरिसच्या विद्वानांना शंका होतीच. उष्णतेनं लंबक लांबला असेल, मोजणाऱ्याचा हात चुकला असेल! इतक्या लांब जाऊन मोजणाऱ्यावर घरी बसलेल्यांनी अविश्वास दाखवावा, ही रीत जुनीच दिसते.

पण १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावर हॅलेलाही तोच अनुभव आला. १६८७ च्या ग्रंथात न्यूटननं उकल केली : पृथ्वी फिरते आणि विषुववृत्तावर फुगलेली आहे, म्हणून तिथं ओढ कमी. लंबकाचं वस्तुमान, म्हणजे त्यातलं द्रव्य, तेवढंच राहिलं. घटलं ते वजन.

मग वजन आणि वस्तुमान यांचं नातं काय? न्यूटननं दोन सारख्या लाकडी पेट्या अकरा फुटी दोऱ्यांना टांगल्या. एकीत लाकूड भरलं, दुसरीत तितक्याच वजनाचं सोनं. मग सोन्याच्या जागी चांदी, शिसं, काच, वाळू, मीठ, पाणी, एवढंच काय, गहूसुद्धा! दोन्ही पेट्या बरोबरीनं झुलत राहिल्या. एका जागी वजन वस्तुमानाच्याच प्रमाणात असतं, मग ते सोनं असो की गहू.

केयेनमध्ये तागडीला यातलं काहीच कळलं नसतं. माल हलका झाला तसं मापही हलकं झालं. ताणकाट्याला मात्र कळतं. पॅरिसचा एक किलो तो केयेनला तीनेक ग्रॅम कमी दाखवील, चंद्रावर जेमतेम एक-षष्ठांश. वडिलांची तागडी चंद्रावर नेली, तरी किलोभर साखर किलोभरच भरेल.