साच्याविना वक्रता : फायबरची पेटी आणि खोडदची तबकडी

जुन्नर म्हटले की शिवनेरी आठवतो, नाणेघाट आठवतो. त्याच तालुक्यात, नारायणगावच्या पूर्वेला असलेल्या खोडद गावाच्या आसपासच्या शिवारांत बारीक जाळीच्या प्रचंड तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. जीएमआरटी ही ती जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण. तबकड्या एकूण ३०, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. या धाग्याचा विषय मात्र त्यांनी टिपलेले तारे नाहीत. विषय एका हातकामाच्या प्रश्नाचा आहे : महागडा साचा परवडत नसेल, तर वक्र पृष्ठभाग घडवायचा कसा? #धागा

गाड्यांसाठी फायबरचे बंपर आणि स्पीकरच्या पेट्या करून देणाऱ्या कारागिरालाही हाच प्रश्न पडतो. त्याने काढलेले उत्तर आणि खोडदच्या अभियंत्यांनी काढलेले उत्तर यांत नाते आहे. ते समजून घेण्यासाठी आधी काचेच्या धाग्याकडे वळावे लागते.

पत्रा दाबून मोटारीचा दरवाजा किंवा मडगार्ड करायचे, तर पोलादी डाय लागते. ती बनवण्याचा खर्च इतका मोठा असतो की एकाच आकाराचे हजारो नग विकले गेले तरच तो वसूल होतो. एकच नग हवा असणाऱ्याला हा मार्ग बंद. पत्रा ठोकून आकार देणारे जुने कारागीर होते. पण ती विद्या हातात मुरायला आयुष्य जाते.

१९३२ साली अमेरिकेतील ओवेन्स-इलिनॉय या काच कंपनीत डेल क्लाइस्ट नावाचा तरुण संशोधक काचेच्या दोन विटा जोडण्याच्या खटपटीत होता. दाबाच्या हवेचा झोत वितळलेल्या काचेवर पडला आणि काचेचे बारीक तंतू उडाले. तंतू स्वस्तात बनवण्याची वाट अशी योगायोगाने सापडली. त्यांच्या जोडीला पॉलिएस्टर रेझिन आले. तंतूंची चटई रेझिनमध्ये भिजवायची, त्यात हार्डनर आधीच मिसळलेला असतो. काही वेळात तो चिकट लगदा स्वतःच तापतो आणि घट्ट होतो. भट्टी नको, प्रेस नको. जो आकार ओला असताना दिला, तोच कायमचा.

दुसऱ्या महायुद्धात या मिश्रणाला पहिले मोठे काम मिळाले ते विमानांवरील रडारची आवरणे करण्याचे. कारण साधे होते. धातूचे आवरण रेडिओलहरी अडवते. काच आणि रेझिन त्यांना जवळजवळ विनाअडथळा पुढे जाऊ देतात. हा गुण लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

युद्धानंतर हे तंत्र मोटारींकडे वळले. १९५३ साली अमेरिकेत फ्लिंट येथे शेव्हरोले कॉर्व्हेटच्या पहिल्या ३०० गाड्या जवळजवळ हातानेच जुळवल्या गेल्या. त्यांची संपूर्ण बॉडी फायबरग्लासची होती. रेडिओलहरी रोखण्याचा गुण नसल्यामुळे तिथे एक मौजेची अडचण उभी राहिली. लोखंडी गाडीत बॉनेट हेच इंजिनाच्या ठिणग्यांपासून रेडिओला वाचवणारे कवच असते. फायबरच्या गाडीत ते नाहीसे झाले, म्हणून इंजिनाच्या प्रज्वलन यंत्रणेवर धातूची वेगळी झाकणे बसवावी लागली. उलट त्याच गुणाचा फायदाही घेतला गेला : रेडिओची अँटेना म्हणून डिकीच्या झाकणात, फायबरच्या थरांमध्येच, धातूची जाळी पुरून टाकली. बाहेरून काहीच दिसत नसे.

भारतात हे तंत्र शिरले तेही थोड्या भांडवलात गाडी करू पाहणाऱ्यांच्या हातून. सत्तरीच्या दशकात बंगळुरात ‘बादल’ ही तीनचाकी मोटार आणि १९८२ मध्ये सिपानी कंपनीची ‘डॉल्फिन’ या दोन्ही फायबरच्या बॉडीने रस्त्यावर आल्या. बाजारात त्या टिकल्या नाहीत. नव्वदीच्या दशकात मुंबईत दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइनने तयार गाड्यांना नवा साज चढवण्याचा व्यवसायच उभा केला. त्याच सुमारास गाडीत मोठा आवाज हवा असणाऱ्यांचा वर्गही वाढू लागला.

स्पीकरची पेटी हे या कारागिरीचे सर्वांत शुद्ध उदाहरण. गाडीच्या डिकीतील एका विशिष्ट कोनाड्यात नेमकी बसेल अशी एकच पेटी हवी असते. साचा करण्यात अर्थ नाही. म्हणून आधी एमडीएफची गोल कडी कापतात. स्पीकर पुढे तिच्यावर बसणार. ती कडी काठ्यांच्या आधाराने हव्या त्या कोनात उभी करतात. मग कडीपासून मागच्या पाट्यापर्यंत ताण खाणारे कापड चहूबाजूंनी ओढून बसवतात. आकार तिथेच दिसू लागतो. कापडावर रेझिन चढवले की ते कडक कवच बनते. त्यावर काचेच्या मॅटचे थर, रोलरने हवेचे बुडबुडे काढणे, पुट्टी, घासकाम. ज्याला साचा म्हणावे ती वस्तू या कामात कधी अस्तित्वातच येत नाही. त्याची जागा ताणाने घेतलेली असते.

पेटी कडक आणि हवाबंद असणे अत्यावश्यक. पडदा पुढे-मागे हलतो तेव्हा आतल्या हवेचा दाब सतत बदलतो. भिंत लवचीक असेल तर तीही थरथरते आणि स्वतःचा आवाज मिसळते. सपाट फळीपेक्षा वक्र कवच त्याच जाडीत अधिक ताठ असते. म्हणजे आकारामुळे येणारी शोभा हा इथे दुय्यम लाभ आहे. (हे काम दिसते तितके निरुपद्रवी नाही. घासताना उडणारी काचेची धूळ त्वचेला आणि फुप्फुसाला जाचते. कोबाल्ट आणि हार्डनर रेझिनविना थेट एकत्र आले तर स्फोटही होऊ शकतो.)

ताणलेल्या कापडाची एक खोड मात्र कारागिराला लगेच कळते. दोन कडांमध्ये ओढलेले कापड एक तर सपाट राहते किंवा घोड्याच्या खोगिरासारखे वळते. ते आपणहून बाहेर फुगत नाही. घुमट हवा असेल, तर आतून आधार द्यावा लागतो. ही भूमितीची सक्ती आहे आणि खोडदला नेमकी तीच आडवी आली.

त्या प्रसंगापर्यंत पोचण्याआधी गोविंद स्वरूप यांची वाटचाल थोडक्यात पाहावी लागेल. १९२९ मध्ये जन्मलेला हा शास्त्रज्ञ पन्नाशीच्या दशकात ऑस्ट्रेलियात शिकत होता. तिथल्या पॉट्स हिल येथील ३२ लहान तबकड्या, प्रत्येकी सहा फुटी, निकामी होण्याच्या बेतात होत्या. त्या भारताला भेट मिळाल्या आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्यावर स्वरूप यांनी १९६५ मध्ये कल्याणजवळ त्यांची दुर्बीण उभी केली. तिने सूर्याचा अभ्यास केला. महाराष्ट्रातील रेडिओ खगोलशास्त्राचा आरंभ असा परदेशातून मिळालेल्या तबकड्यांवर झाला.

१९७० मध्ये त्यांनी उटीला जे केले, ते मात्र घरचे होते. डोंगराचा उतार त्या ठिकाणच्या अक्षांशाएवढा, म्हणजे सुमारे ११ अंशांचा निवडला. त्यावर उत्तर-दक्षिण ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी दुर्बीण बांधली. तिचा परावर्तक पत्र्याचा नाही. २४ वक्र चौकटींवर ताणलेल्या ११०० स्टेनलेस स्टीलच्या तारा हाच तिचा आरसा. नळीसारखा एकाच दिशेने वळलेला पृष्ठभाग ताणलेल्या तारांनी सहज साधतो. कारण लांबीच्या दिशेला तो सरळच असतो. भूमितीची सक्ती इथे टाळली गेली होती.

१९८४ मध्ये स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या दुर्बिणीचा विचार मांडला. अमेरिकेतील व्हीएलए ही दुर्बीण तेव्हा नुकती सुरू झाली होती : अॅल्युमिनियमच्या नेमक्या घडवलेल्या पट्ट्यांच्या २५ मीटर व्यासाच्या २७ तबकड्या. त्या वाटेने जाणे भारताच्या आवाक्यात नव्हते. शिवाय या वेळी तबकडी दोन्ही दिशांनी वळलेली, वाडग्यासारखी हवी होती. म्हणजे ताणलेली जाळी आपणहून घेणार नाही असाच आकार.

उत्तर असे सापडले. मधल्या केंद्रातून छत्रीच्या काड्यांसारख्या पोलादी नळ्यांच्या १६ चौकटी निघतात. प्रत्येक चौकट गणितातील अन्वस्ताच्या, म्हणजे पॅराबोलाच्या, रेषेत वळवलेली. शेजारच्या दोन चौकटींमध्ये बारीक पोलादी दोरांचे सांगाडे ताणून बसवले आणि त्या दोरांवर स्टेनलेस स्टीलची जाळी जोडली. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे जवळजवळ सपाटच राहतो. पण असे अनेक लहान पैलू मिळून वाडगा होतो, हिऱ्याच्या पैलूंनी गोलाई भासावी तसा. या रचनेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून ‘स्मार्ट’ हा शब्द तयार झाला. प्रत्यक्ष अभियांत्रिकी आराखडा टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्सने सिद्धीस नेला.

पैलूंमुळे येणारी चूक चालते का? लहर जितकी लांब, तितकी चूक माफ. हायड्रोजनची सुप्रसिद्ध लहर २१ सेंटिमीटरची आहे. तिच्यासाठी पृष्ठभाग सेंटिमीटरभर इकडे-तिकडे असला तरी भागते. जाळीच्या भोकांचेही तसेच. तार अवघी ०.५५ मिलिमीटर जाडीची. भोके मध्यभागी १० मिलिमीटरची, त्याबाहेर १५ आणि काठाजवळ २० मिलिमीटरची. काठाकडून येणाऱ्या लहरींना ग्राहकयंत्र मुळातच कमी महत्त्व देते, म्हणून तिथे विरळ जाळी पुरते आणि वजनही वाचते.

खरा शत्रू होता वारा. ४५ मीटर व्यासाच्या तबकडीचे तोंड सुमारे १,५९० चौरस मीटरचे, म्हणजे जवळपास सोळा गुंठ्यांचे. एवढे शीड बंद पृष्ठभागाचे असते तर ते उभे ठेवण्यासाठी लोखंडाचा डोंगर लागला असता. जाळीत तारेने व्यापलेला भाग मात्र सुमारे सात टक्केच आहे. उरलेल्या जागेतून वारा निघून जातो. स्पीकरच्या पेटीला हवा अजिबात सुटू द्यायची नाही, खोडदच्या तबकडीला ती सगळीच सोडायची आहे. कृती एकाच घराण्याची, मागणी नेमकी उलटी.

मग फायबरचीच तबकडी का केली नाही? कारण तो महायुद्धातला गुण : फायबर रेडिओलहरींना दिसतच नाही. फायबरच्या डिश अँटेनांमध्येही आत धातूचा थर किंवा जाळी द्यावीच लागते, कॉर्व्हेटच्या डिकीत दिली तशी. परावर्तनाचे काम जाळीच करणार असेल, तर खोडदच्या आकारमानाला भोवतीचे कवच हे केवळ वजन आणि वाऱ्याला निमंत्रण ठरले असते. उपग्रहाद्वारे खेड्यांत दूरचित्रवाणी पोचवणाऱ्या १९७५–७६ च्या ‘साइट’ प्रयोगातही गावोगावच्या अँटेना कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीच्याच होत्या. तीन मीटरच्या त्या जाळीची थट्टा करणाऱ्यांना खोडदची तबकडी पाहून काय वाटले असेल, याची कल्पना करण्याजोगी आहे.

जागेची निवडही याच लहरींच्या हिशेबाने झाली. शहरांचा रेडिओगोंगाट दूर हवा आणि भोवती डोंगरांची आडभिंत हवी. पेट्रोल गाडीच्या स्पार्क प्लगची प्रत्येक ठिणगी ही एक छोटी रेडिओलहर असते, म्हणून अमेरिकेतील ग्रीन बँक वेधशाळेत दुर्बिणीजवळ ठिणगीविना चालणारी डिझेल वाहनेच वापरतात. हौसेने फायबरचे बॉनेट बसवलेली पेट्रोल गाडी अशा ठिकाणी कशी पाहुणी ठरेल, हे सांगणे नको.

३० पैकी १४ तबकड्या मधल्या साधारण एक चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात आहेत. उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन फाट्यांवर, सर्वांत दूरच्या दोघींत सुमारे २५ किलोमीटर अंतर राखून. त्यांच्याकडून येणारे संकेत मध्यवर्ती इमारतीत पोचतात ते प्रकाशवाहक तंतूंतून, म्हणजे पुन्हा काचेच्याच धाग्यातून. फक्त इथे तो आधार देण्यासाठी नाही, निरोप नेण्यासाठी आहे.

ऑक्टोबर २००१ मध्ये रतन टाटा यांच्या हस्ते ही दुर्बीण जगाला अर्पण झाली. २०२० मध्ये अभियंत्यांच्या आयईईई या आंतरराष्ट्रीय संस्थेने तिला ‘माइलस्टोन’ हा मान दिला. त्याच वर्षी सप्टेंबरात गोविंद स्वरूप निवर्तले. गेल्या दशकात तिची ग्राहकयंत्रे आणि इलेक्ट्रॉनिक्स मोठ्या प्रमाणावर बदलण्यात आली, तबकड्यांची रचना मात्र तीच राहिली. २०२३ च्या जूनमध्ये अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या पुराव्याची घोषणा झाली, तेव्हा युरोपीय दुर्बिणींच्या नोंदींना जोडलेल्या भारत-जपान गटाच्या नोंदी याच १६ चौकटींच्या, दोरांवर ताणलेल्या जाळीने गोळा केलेल्या होत्या.