'ढ' आणि कायद्यातली यादी

आपल्या बॅचला तो नक्की आठवत असेल. तिसऱ्या बाकावर, खिडकीशी बसायचा. कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलच्या वेळा तोंडपाठ, तोंडी हिशेबात माझ्याही पुढे. पण वाचायला उभं केलं की 'घर' आणि 'धर' यांत अडकायचा. आपण सगळे त्याला 'ढ' म्हणायचो. एकदा त्याची वही मला मोठ्याने वाचायला सांगितली गेली. मी ती चुकांसकट, अगदी ठसक्यात वाचली. वर्ग खूप हसला. आठवीनंतर तो शाळेत दिसला नाही.

स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा मी हाच इतिहास शोधायला बसले.

अपंग मुलांना सर्वसाधारण शाळेत शिकवण्याची केंद्राची योजना 1974 सालची, म्हणजे आपल्या जन्माआधीची. पण योजना म्हणजे हक्क नव्हे. शाळेने राबवली तर लाभ. हक्काची भाषा 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात आली. तो फेब्रुवारी 1996 मध्ये लागू झाला, तेव्हा आपण नववीत होतो. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते : अंधत्व, अल्पदृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, श्रवणदोष, हालचालीचं अपंगत्व, मतिमंदत्व (शब्द तेव्हाचा) आणि मानसिक आजार. बुद्धी शाबूत असून अक्षरं न लागणारं मूल या सातांत कुठेच बसत नव्हतं. आमच्या प्रोग्रॅममध्ये ज्याला रकाना नाही ते सगळं 'इतर'मध्ये पडतं. वर्गात त्या रकान्याचं नाव 'ढ' होतं.

त्याच 1996 पासून महाराष्ट्रात अशा मुलांना परीक्षेत जादा वेळ वगैरे सवलती मिळू लागल्या. पण आधी तपासणी, मग प्रमाणपत्र, आणि त्यासाठी गाठायचं मुंबईचं मोठं रुग्णालय. खडवलीतल्या किती घरांना हे माहीत असणार? मला स्वतःला 'डिस्लेक्सिया' नीट कळला तो 2007 साली, 'तारे जमीन पर' बघताना. तोवर इंजिनीअर होऊन मी नोकरीही करत होते! चित्रपट संपल्यावर मला ती वहीच आठवत राहिली.

पुढे 2010 मध्ये शिक्षण हक्क कायदा लागू झाला. 2016 च्या दिव्यांग कायद्याने सातांचे एकवीस प्रकार केले, आणि त्यांत अध्ययन अक्षमता आली. त्याने शाळा सोडून तोवर वीस वर्षं उलटली होती.

मेळाव्याचं निमंत्रण त्याला मीच पाठवलं, लिहून नाही, आवाज रेकॉर्ड करून. वहीबद्दल माफी मागितली. लेख लिहू का, तेही विचारलं. उत्तर आवाजातच आलं : येतोय, सकाळच्या लोकलने. नाव नको घालूस, बाकी लिही. वहीबद्दल तो काही बोलला नाही.