मानमोडीचे वर्ष

मराठी मुलखाने १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाला ‘मानमोडी’ हे नाव दिले. त्या साथीची आठवण आमच्या बेळगाव-निपाणी भागाने तरी विसरू नये, असे आम्हांस वाटते.

साथीचा रोग या भागास नवा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या प्लेगाने लोकांस एक धडा शिकविला होता : उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर झोपड्या घालाव्या. देवीची लस तयार करणारी संस्था तर खुद्द बेळगावातच होती. परंतु मानमोडीपुढे हे दोन्ही उपाय थिटे पडले. तिच्यावर लस नव्हती. मानवी इन्फ्लुएंझाचा विषाणू हाती लागला तो १९३३ साली. आणि जो रोग माणसाच्या श्वासाबरोबरच चालतो, तो माळावरील झोपडीतही बरोबर येणारच.

त्यातून महायुद्धाचा काळ. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवरील पोलीस शिपाई आजारी पडले. सप्टेंबरात अधिक घातक लाट उठली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ माणसे दगावली. आगगाडीने रोग देशभर पसरला. बेळगाव हे लोहमार्गावरील लष्करी ठाणे. निपाणी ही पुणे-बंगळूर हमरस्त्यावरील पेठ. मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढत होत्या आणि सरकारी वैद्यकीय सेवेतील कितीतरी डॉक्टर सैन्याच्या कामी गुंतले होते. पाऊस फसला होता, धान्य महागले होते. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे गेली. खरा आकडा कोण सांगणार? मृत्यूंची नोंद ठेवणारे गावकामगारही अंथरुणास खिळले होते.

अशा वेळी औषधापेक्षा शुश्रूषेची गरज मोठी होती. सारे घर एकदम आडवे पडल्यावर तोंडात पाणी घालावयास तरी कोणी हवे! मुंबईत सोशल सर्व्हिस लीगने व ज्ञातिसंस्थांनी हे काम अंगावर घेतले. पण खेडोपाडी शेजारी हाच वैद्य.

पुढे २०२० साली करोनाच्या साथीत निपाणीजवळ कोगनोळीच्या नाक्यावर वाहने अडली, तेव्हा दवाखाना जवळ असूनही दूर कसा होतो, हे या भागाने पुन्हा पाहिले. युद्ध असो वा सीमा, संकटात सरकारचा हात आखडू शकतो. म्हणून देवस्थानांच्या धर्मशाळा, कोठारे आणि तरुण स्वयंसेवक यांची सिद्धता साथ येण्यापूर्वीच असावी. देवापुढे नंदादीप तेवत ठेवणाऱ्या समाजास हे व्रत जड जाऊ नये.