झीलकऱ्यांची जागा

संगीत शिकविण्यासाठी संस्था काढावी, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाही. ५ मे १९०१ रोजी विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले आणि १९०८ मध्ये मुंबईत त्याची शाखा काढली. ही शाळा राजाश्रयावर उभी नव्हती. लोकांच्या देणग्या आणि जाहीर मैफली यांवर ती चालली. कर्जापायी मुंबईची इमारत हातची गेली. तरी पलुस्करांच्या मागे १९३१ मध्ये त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले आणि परीक्षांचे जाळे देशभर पसरले. उस्तादाच्या मर्जीवर अवलंबून असलेली विद्या इयत्तांत बसली, मध्यमवर्गातील मुलींना उजळ माथ्याने गाणे शिकता आले. हे काम लहान नव्हे.

परंतु जे स्वरलिपीत बसले ते शास्त्र ठरले आणि उरलेले ‘लोककला’ म्हणून दाराबाहेर राहिले. ही वाटणी केवळ स्वरांची होती, असे मला वाटत नाही.

त्याच काळात दुसरी एक शाळा चालू होती. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेऊन आशय बदलला होता. भीमराव कर्डक आदींच्या आंबेडकरी जलशांनी तो चळवळीच्या कामाला जुंपला. या शाळेला फी नव्हती, प्रमाणपत्र नव्हते. पोरगा आधी झीलकऱ्यांत उभा राही. शाहिराने कडव्याचा शेवट टाकला की तो उचलायचा, सूर चुकला तर शेजारच्याच्या आवाजात लपायचे. मग कधी तुणतुणे, कधी डफ हाती येई. शिक्षण होई ते घोळक्यात. दीड दिवस शाळा पाहिलेले अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले. अमर शेख, गव्हाणकर यांच्यासह त्यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले. वामनदादा कर्डक अक्षरे शिकले तेच मोठेपणी. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली, तेव्हा चार दिवसांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःला संपविले. यांपैकी कोणी संगीताच्या परीक्षेला बसून शाहीर झाला नव्हता.

हे आज आठवण्याचे कारण असे की, आमच्या भागातील काही तरुण ऑनलाइन संगीतवर्गांसाठी ना-नफा संस्था नोंदवीत आहेत आणि मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. २०२० च्या टाळेबंदीत गाण्याच्या शिकवण्या मोबाइलवर गेल्या. गावाकडच्या मुलीला मुंबईचा शिक्षक मिळाला, ही मोठीच सोय. पण नेटवरून आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो. एकाने गायचे, दुसऱ्याने ऐकायचे, मग उलट, एवढे जमते. दोघांनी एका लयीत गाणे जमत नाही. म्हणजे गुरुशिष्याची जोडी त्यात नीट बसते आणि झील नेमकी गळते. शिवाय बोलण्यासाठी केलेली ही व्यवस्था ढोलकीच्या थापेला गोंगाट समजून दाबून टाकते! (ती सोय बंद करता येते, मात्र ती आहे हे ठाऊक हवे.) स्वरलिपीने एकदा केलेली वाटणी आता यंत्र, कोणाचा हेतू नसताना, पुन्हा करील.

म्हणून मसुद्यात मी असे सुचविले आहे: शब्द, चाल, इतिहास, जुन्या ध्वनिमुद्रणांचे श्रवण हे मोबाइलवर व्हावे, झील मात्र रविवारी बुद्धविहारात, सर्वांनी एकत्र उभे राहून. तरुणांना जागेच्या भाड्याची चिंता आहे, ती रास्तच आहे. हलगीवरूनही वाद झाला. वाजविणे ही गावकी होती, ती टाकण्यासाठी आपले लोक झगडले, आता पोरांच्या हाती तीच का, असे एका वडीलधाऱ्यांनी विचारले. सक्तीने वाजविणे आणि शिकून वाजविणे यांतला फरक मी सांगितला. त्यांना तो पूर्ण पटला नाही.

शिक्षकाच्या पात्रतेचे कलम अजून कोरे आहे. नमुन्यादाखल मिळालेल्या एका मसुद्यात तिथे ‘संगीत विशारद’ असे छापलेले होते. ते शब्द मी खोडले आहेत. त्या जागी ‘किमान दहा वर्षे झीलकरी’ असे लिहिले तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात काय म्हणतील, याची चर्चा येत्या बैठकीत आहे.