जंगलाचा पट्टा आणि शहराचा फोन

गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत ‘टावर नाही’ असं म्हणतात, तेव्हा त्या दोन शब्दांत तीन निरनिराळी दुखणी मिसळलेली असतात. कधी टॉवर खरोखरच नसतो. कधी असतो, पण वीज गेल्यामुळे बंद पडलेला असतो. आणि कधी टॉवर चालू, सिम चालू, रिचार्जही भरलेला, पण त्या टॉवरच्या लहरी पकडण्यासाठी हातातला फोन बनवलेलाच नसतो. पहिल्या दोन दुखण्यांसाठी निवेदनं दिली जातात. तिसऱ्याचं खापर दुकानदारावर, नाहीतर फोन घेणाऱ्याच्या अडाणीपणावर फुटतं. हे अन्यायाचं आहे. फोनमध्ये कोणते बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, असावेत हे गोंदियाच्या बाजारात कधी ठरलंच नाही. ते दिल्लीतल्या लहरींच्या लिलावांनी ठरवलं, आणि जंगलाला सोयीचा पट्टा त्यात सर्वांत शेवटी आला.

सुरुवातीला हा घोळ नव्हता. १९९५ मध्ये देशात मोबाइल आला तो जीएसएम तंत्रावर, ९०० मेगाहर्ट्‌झमध्ये. पुढे १८००ची भर पडली. बीएसएनएलची मोबाइल सेवा सुरू झाली ऑक्टोबर २००२ मध्ये, तीही जीएसएमच. पहिली मोठी फट पडली ती सीडीएमएमुळे. २००३ मध्ये रिलायन्सने ५०१ रुपयांत फोन हाती द्यायला सुरुवात केली, पण तो ८०० मेगाहर्ट्‌झचा आणि त्याच कंपनीशी बांधलेला. कंपनी बदलली की फोन खेळण्यातला. तरी निदान त्या वेळी गिऱ्हाइकाला हे बंधन माहीत होतं. नंतरची, बँडची फट दिसलीच नाही. लहर जितकी कमी वारंवारतेची, तितकी ती लांब जाते आणि ओल्या, दाट झाडीतून कमी क्षीण होते. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाच्या आसपासच्या विरळ वस्तीला म्हणूनच ७०० मेगाहर्ट्‌झ, म्हणजे बँड २८, उत्तम. पण २०१६च्या लिलावात सरकारने त्याची राखीव किंमत मेगाहर्ट्‌झमागे ११,४८५ कोटी रुपये लावली आणि कोणी बोलीच लावली नाही. २०२१ मध्येही तेच. त्याच २०१६च्या सप्टेंबरात जिओ आली, ८५०, १८०० आणि २३०० घेऊन, आणि स्वस्त ४जी फोनांचा पूर आला. देशात ज्या पट्ट्यावर एकही कंपनी नाही तो फोनमध्ये कशाला घालायचा, हा कारखानदाराचा हिशेब चुकीचा नव्हता. २०२२ मध्ये जिओने ७०० घेतला खरा, पण ५जीसाठी. ४जीसाठी तो वापरात आणला बीएसएनएलने, २१००च्या जोडीला. तोवर बँड २८ नसलेले कितीतरी फोन घरोघरी पोचले होते.

यावर कोणी म्हणेल, जिओचा ८५० हाही खालचाच पट्टा आहे, आणि बीएसएनएलचा २१०० तर बहुतेक फोनांत असतो. दोन्ही खरं. पण ८५० तिथेच कामाचा, जिथे जिओचा टॉवर आहे. नक्षलग्रस्त भागांसाठी सरकारी निधीतून महाराष्ट्रासह दहा राज्यांत पहिल्या टप्प्यात जे टॉवर उभे राहिले, ते बीएसएनएलचे आणि २जीचे होते. त्यांपैकी २,३४३ टॉवर ४जी करण्याला मंजुरी मिळाली ती एप्रिल २०२२ मध्ये. आणि २१०० टॉवरच्या जवळपास चालतो. लांबच्या वस्तीवर उरतो तो ७००च. २जीवर बोलणं होतं, हेही मान्य. पण १५ ऑगस्ट २०२१पासून धानाच्या बांधीची ई-पीक पाहणी शेतकऱ्याने फोनवरूनच करायची आहे, आणि फोटोसकट ती नोंद पाठवायला नुसतं बोलणं पुरत नाही.

राहिला शेवटचा आक्षेप: फोन स्वस्त असतो, चार वर्षांनी बदलतोच. इथे गोंदियाचा जुना अनुभव आठवावा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगाल नागपूर रेल्वेने गोंदियाहून नैनपूर-जबलपूरकडे अडीच फुटी छोटी लाइन टाकली. मोठ्या लाइनचा माल गोंदियात उतरवून पुन्हा चढवावा लागे. ती अडचण फलाटावर सर्वांना दिसत होती, म्हणून तिच्यावर मागण्या झाल्या, आणि शतकभराने का होईना, मार्ग रुंद झाला. खर्च रेल्वेने केला. कोणा प्रवाशाला नवा डबा विकत आणायला सांगितलं नाही. फोनच्या पडद्यावर मात्र फक्त ‘नो सर्व्हिस’ उमटतं. त्यावरून दोष टॉवरचा की बँडचा हे कळत नाही, आणि गावात टॉवर उभारताना त्याचा पट्टा कोणता हे सांगणारी साधी पाटीही कोणी लावत नाही.